पॉलिमर क्लेतून घडवूया गोदाघाटावरची भाजीवाली आजी

नाशिकला बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो. तिथे एक आजी मेथी, शेपू, कोथिंबीर घेऊन बसतात. गोणपाटावर एक मांडी घातलेली, दुसरा गुडघा उभा, त्या गुडघ्यावर कोपर टेकवलेलं आणि हातात मेथीची जुडी. डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला. मी म्हटलं, "आजी, तुमचा फोटो काढू का? तुमची मूर्ती करायचीये." त्या म्हणाल्या, "काढ की बाई. पण आधी जुडी घे." मी दोन घेतल्या आणि चारही बाजूंनी फोटो काढले. तीच आजी मी पॉलिमर क्लेमध्ये कशी घडवली, ते इथे पहिल्यापासून सांगते. तुमच्या मनात दुसरं कुणी असेल, वासुदेव, द्राक्षबागेत छाटणी करणारा गडी किंवा तुमचे आजोबा, तरी पायऱ्या याच राहतील.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण नवशिके इथेच चुकतात. माणूस ओळखू येतो तो बसण्या-उभं राहण्याच्या ढबीवरून. चेहरा त्यानंतर. ओळखीची बाई पाठमोरी चालली तरी आपण हाक मारतोच ना? म्हणून डोळे-नाक करायची घाई करू नका. नुसता तारेचा सांगाडा टेबलावर ठेवून तो "आजी" वाटतो का ते बघा. तारेत आजी दिसली नाही, तर क्ले चढवूनही दिसणार नाही.

ही माती म्हणजे नेमकं काय

नाव क्ले असलं तरी यात माती नाही. पीव्हीसी प्लॅस्टिकची बारीक भुकटी, तिला मऊ ठेवणारं प्लॅस्टिसायझर नावाचं द्रव्य आणि रंग यांचं हे मिश्रण असतं. हवेत ते वाळत नाही. साधारण 110 ते 130 अंश सेल्सियसला भाजलं की भुकटीचे कण एकजीव होतात आणि वस्तू कायमची कडक होते. त्यामुळे आज अर्धा चेहरा करून झाकून ठेवला, तर पुढच्या रविवारी तिथूनच पुढे जाता येतं. नोकरी-घर सांभाळून काम करणाऱ्यांना याचं मोल कळेल.

शाडूच्या मातीची सवय असलेल्यांनी एक खूणगाठ बांधावी: इथे पाणी लावायचं नाही. गणपती करताना बोट आपोआप पाण्याच्या वाटीकडे जातं. मीही सुरुवातीला तसंच करायचे. पण या क्लेत पाणी मुरत नाही, ते घडीत अडकून बसतं आणि भाजताना तिथे फुगे येतात, नाहीतर पृष्ठभागाखाली चंद्रकोरीसारखे पांढुरके डाग पडतात.

सामान

सुमारे 12 सेंटीमीटर उंचीच्या बसलेल्या आकृतीला 200 ते 250 ग्रॅम क्ले पुरते, कारण आतला गाभा फॉइलचा असतो. कातडीच्या रंगाची क्ले थोडी जास्त घ्या. शिवाय पांढरी, तपकिरी, पिवळी, हिरवी आणि लाल लागेल. नाशिकमध्ये हवा तो रंग हव्या त्या दिवशी मिळेलच असं नाही, म्हणून मी ऑनलाइन मागवते. मात्र एप्रिल-मेमध्ये मागवत नाही. उन्हात तापलेल्या गाडीत पाकीट दिवसभर राहिलं, तर क्ले आतल्या आत अर्धवट भाजून निघते आणि हातात घेतली की रव्यासारखी सुटते.

बाकीचं सगळं साधंच आहे. 2 मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची तार, स्वयंपाकघरातलं ॲल्युमिनियम फॉइल, एम-सील, फेव्हिकॉल, पकड. बोटांसाठी जुन्या विजेच्या वायरमधली बारीक तांब्याची तार. कोरायला शिवणाची सुई, दाभण, लोकर विणायची सुई, नेलआर्टचं गोल टोकाचं डॉटिंग टूल, जुना टूथब्रश आणि धारदार कटर. काम करायला एक गुळगुळीत फरशी, म्हणजे टाइल. तीच टाइल तशीच उचलून ओव्हनमध्ये ठेवता येते. लाटायला काचेची बाटली किंवा वेगळं लाटणं. एकदा या कामाला घेतलेलं लाटणं, सुरी, ताट पुन्हा स्वयंपाकात वापरायचं नाही.

उरलेली क्ले वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका. कागद तिच्यातलं तेलकट द्रव्य शोषतो आणि ती कोरडी पडते. कडक पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यातही नको, काही प्लॅस्टिक तिच्या संगतीने विरघळून चिकट होतं. ज्या डब्याखाली त्रिकोणात 5 आकडा असतो, तो चालतो.

सांगाडा

आधी कागदावर खऱ्या मापाचं चित्र काढा. माप डोक्यात मोजायचं. मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी भरते. म्हातारपणी पाठ वाकते आणि ती कमी होते. आजींचं डोकं मी 3.2 सेंटीमीटरचं धरलं, म्हणजे प्रमाणापेक्षा किंचित मोठं. हातही किंचित मोठे केले. आयुष्यभर काम केलेल्या बाईचे हात मोठेच दिसतात, आणि डोळा तिथे खिळायला हवा.

तार दुहेरी घेऊन पीळ द्या. एका तुकड्याचा मणका आणि मान, दुसऱ्याचे दोन्ही हात, तिसऱ्याचे दोन्ही पाय. खांदा आणि कंबर इथे तारा जुळतात, तिथे एम-सील लावून रात्रभर सुकू द्या. सांधा हलला तर वरची क्ले तडकणार, हे ठरलेलं. सुकलं की वाकवायला घ्या: पाठीला पोक, मान पुढे, एक गुडघा उभा, दुसरी मांडी जमिनीला टेकलेली. चित्रावर आडवा ठेवून मापं तपासा. मग टेबलावर बसवून मागून, बाजूने, वरून बघा. या टप्प्यावर मी सांगाडा दोन दिवस खिडकीत ठेवते. येता-जाता नजर पडते आणि काय खटकतंय ते कळतं. आजींच्या बाबतीत डावा खांदा खटकत होता. गुडघ्यावर कोपर टेकवलं की तो खांदा वर चढतो आणि मान त्या बाजूला झुकते. मी दोन्ही खांदे एका रेषेत ठेवले होते. अर्ध्या सेंटीमीटरचा फरक केला आणि तारेत जीव आला.

आता छाती, पोट, मांड्या फॉइलने भरा. फॉइल चुरगाळून चमच्याच्या पाठीने ठोकून ठोकून घट्ट करा. सैल फॉइलमध्ये हवा राहते, ती तापून फुगते आणि वरचा थर फोडते. शेवटी फेव्हिकॉलचा पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या, म्हणजे क्ले घसरत नाही.

मळणं

पाकिटातून काढलेली क्ले लगेच वापरू नका. कणीक तिंबतो तशी दहा मिनिटं मळा: लांबट करायची, दुमडायची, पुन्हा लाटायची. दुमडलेल्या कडेला चिरा पडत नाहीत, तेव्हा ती तयार. डिसेंबर-जानेवारीत, निफाडला पारा खाली उतरतो आणि इथेही बोटं गारठतात, तेव्हा क्ले दगडासारखी असते. अशा वेळी पाकीट अर्धा तास स्वेटरच्या खिशात ठेवा. उन्हाळ्यात उलट, हाताच्या उबेनेच ती लोण्यासारखी होते आणि बोटाचे ठसे उठतात. दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, पण घट्ट गुंडाळून. नाहीतर बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरतं.

आता कातडीचा रंग. पाकिटावर "स्किन" म्हणून जो गुलाबी रंग येतो, तो आपला नाही. आजी सावळ्या, उन्हाने रापलेल्या. मी चार भाग तो गुलाबी, एक भाग तपकिरी आणि अर्धा भाग पिवळा घेतला. भाजल्यावर रंग थोडा गडद होतो, म्हणून आधी चणाडाळीएवढी चकती भाजून बघा. हिशेब वहीत लिहून ठेवा, कारण मध्येच रंग संपला तर अंदाजाने तो पुन्हा जमत नाही. आणि फिकट रंगाचं काम आधी करा. लालचा एक कण बोटावर राहिला तरी पांढऱ्यावर उमटतो.

अंगावर सगळीकडे 5 ते 6 मिलिमीटरचा सारखा थर द्या. दाबताना मधून कडेकडे जा, म्हणजे हवा बाहेर पडते. धड कपड्याखाली जाणार आहे, ते गुळगुळीत करत बसू नका. हा पहिला थर 20 मिनिटं भाजून घ्या. पुढे कितीही वेळा भाजलं तरी चालतं. पक्क्या धडावर काम करताना एका बाजूचं दाबताना दुसरी बाजू बिघडत नाही.

चेहरा

डोकं वेगळं करते, तारेच्या टोकावर फॉइलचं छोटं अंडं घेऊन. आधी डोळ्यांच्या गोळ्या: पांढऱ्या क्लेच्या साडेतीन-चार मिलिमीटरच्या सहा गोळ्या वळून 15 मिनिटं भाजा आणि त्यांतल्या अगदी सारख्या दोन निवडा. कच्च्या क्लेत कच्चा डोळा बसवला तर पापणी दाबताना तो चपटा होतो.

अंड्यावर क्लेचा थर दिला की उंचीच्या बरोबर मध्यावर डोळ्यांची रेषा आखा. मध्यावर म्हणजे खरंच मध्यावर. कपाळ लहान करून डोळे वर चढवायची चूक जवळजवळ सगळे करतात. डॉटिंग टूलने खोबण्या दाबा, गोळ्या बसवा, दोघींमध्ये एका डोळ्याएवढं अंतर ठेवा. मग क्लेची बारीक वळी घेऊन वरची आणि खालची पापणी. वरची पापणी बुबुळावर थोडी उतरू द्या. पूर्ण उघडे डोळे दचकल्यासारखे दिसतात. नाकासाठी छोटा शंकू, नाकपुड्यांना दोन गोळ्या, आणि जोड विणायच्या सुईने आजूबाजूला मिसळून टाका.

म्हातारपण सुरकुत्यांच्या आधी हाडांत दिसतं. गालाचं हाड वर येतं, त्याखाली गाल आत जातो. दात गेले की ओठ आत वळतात आणि हनुवटी नाकाकडे सरकते. नाकाचं टोक आणि कानाच्या पाळ्या लांबतात. हे सगळं झाल्यावरच सुरकुत्या. आणि त्या सुईने थेट ओरखडू नका, तसं केलं की चेहऱ्यावर ब्लेडचे वार दिसतात. क्लेवर क्लिंग फिल्म, म्हणजे अन्न झाकायचं पातळ पारदर्शक प्लॅस्टिक, ताणून धरा आणि त्यावरून सुई दाबत ओढा. घडीच्या दोन्ही कडा गोलसर येतात, खऱ्या कातडीसारख्या. सुरकुत्यांची दिशाही नेमकी असते: कपाळावर आडव्या, डोळ्याच्या कोपऱ्यातून पंख्यासारख्या, वरच्या ओठावर उभ्या. आजी हसत नाहीत, पण हसायच्या बेतात असतात. ते ओठांत आणू नका. खालची पापणी किंचित वर ढकला आणि गाल अर्धा मिलिमीटर उचला, तेवढं पुरतं.

शेवटी मऊ ब्रश आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम बुडवून हलका फिरवा, बोटांचे ठसे जातात. हे द्रव्य पेट घेतं. ते पूर्ण उडून गेल्याशिवाय ओव्हनजवळ नेऊ नका.

हात

चेहऱ्याइतकाच वेळ हातांना द्या. पंजाची लांबी हनुवटीपासून कपाळाच्या मध्यापर्यंत. क्लेचा चपटा पेढा करा, अंगठ्यासाठी एक काप, उरलेल्यात तीन काप. प्रत्येक बोट हलकं वळून गोल करा आणि आत तांब्याची तार सरकवा. मधलं बोट सगळ्यांत लांब. पेरं फुगीर ठेवा, मधला भाग बारीक. नखासाठी पेनच्या रिकाम्या रिफिलचं टोक दाबलं की नखाचा गोल उमटतो. आजींचा उजवा हात जुडी धरतो: चार बोटं खाली, अंगठा वर, आणि करंगळी थोडी सुटलेली. ती करंगळी मी फोटोत पाहिली नसती, तर पाचही बोटं सारखी मिटली असती.

लुगडं

हिरव्या क्लेचा 1 मिलिमीटर जाडीचा पत्रा लाटा. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठेवून त्यांच्यावरून लाटणं फिरवलं की जाडी एकसारखी येते. लाल काठाची पट्टी आताच ठेवून सोबत लाटा, नंतर चिकटवलेला काठ वेगळा दिसतो. पत्र्यावर सुती कापड दाबलं की विणीचा पोत उतरतो.

नऊवारी एका पत्र्यात नेसवायला जाऊ नका. मी चार तुकडे करते: उभ्या गुडघ्यावरचा, मांडीवरचा, मागचा कासोटा आणि पदर. कापड जिथे ताणलं जातं तिथून चुण्या निघतात, गुडघ्याच्या टोकावरून आणि कमरेच्या खोचणीतून. चुणी दाबून कोरू नका. पत्राच दुमडून खऱ्या निऱ्या घाला, मग दाभणाने नीट बसवा. पदर डाव्या खांद्यावरून डोक्यावर जातो. डोकं मानेवर पक्कं बसवून, जोड मिसळून, केसांच्या पांढऱ्या बारीक वळ्या लावून झाल्यावर सगळ्यात शेवटी पदर घाला. त्याची पोकळी भाजताना बसू नये म्हणून आत कापूस भरा, नंतर चिमट्याने काढून घ्या. भाजलेल्या भागावर कच्ची क्ले चिकटवताना मध्ये लिक्विड क्लेचा, म्हणजे याच क्लेच्या पातळ, ओतता येणाऱ्या प्रकाराचा, पातळ हात हवाच.

भाजणं

पूर किती आला हे नाशिककर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं ते बघून सांगतात, आभाळाकडे बघून नाही. तसं ओव्हनचं तापमान बटणावरून ठरवू नका. आत एक ओव्हन थर्मामीटर ठेवा. माझ्या ओटीजीचं, म्हणजे घरगुती छोट्या विजेच्या ओव्हनचं, बटण 130 वर असताना आत 150 असतं, हे मला एक डोकं जळाल्यावर कळलं. आठवडाभर घडवलेलं डोकं, वरच्या सळईच्या जवळ ठेवलेलं. दहा मिनिटांत कपाळ करपून काळं झालं आणि घरभर उग्र वास पसरला. तो धूर साधा नाही. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. असं झालं तर ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा आणि मुलांना घेऊन बाहेर जा.

तापमान आणि वेळ तुमच्या पाकिटावर छापलेला असेल तोच पाळा, कारण प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. माझी क्ले 130 अंशांवर दर 6 मिलिमीटर जाडीला 30 मिनिटं मागते. ओव्हन 20 मिनिटं आधी तापवा. आकृती टाइलवर, मधल्या किंवा खालच्या जाळीवर ठेवा. वर फॉइलचा तंबू करा, अंगाला न टेकता, म्हणजे सळईची थेट आच लागत नाही. स्वयंपाकाचाच ओव्हन असेल तर झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवून भाजा आणि त्याच वेळी आत खायचं काही ठेवू नका. मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही. मध्येच लाइट गेली तर घाबरू नका. दार उघडू नका, लाइट आली की पुन्हा तापमान चढवून राहिलेला वेळ भरून काढा. वेळ झाल्यावरही दार बंदच ठेवून ओव्हनमध्येच गार होऊ द्या. गरम आकृती पंख्याखाली आणली की तडा जातो.

कमी भाजलेली क्ले वरून कडक वाटते, पण ठिसूळ असते. म्हणून सोबत एक पातळ पट्टी भाजा. गार झाल्यावर ती वाकली पाहिजे, तुटता कामा नये.

तडा गेलाच तर त्यात लिक्विड क्ले आणि कच्ची क्ले भरा, पुसून घ्या, पुन्हा 20 मिनिटं भाजा. खरबरीत जागा 400, मग 600, मग 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्याखाली घासा. पाणी आता चालतं.

रंग

आधी साबणाच्या पाण्याने धुवा, हाताचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. ॲक्रिलिक रंगच वापरा. गडद तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून चेहऱ्यावर आणि हातांवर फिरवा आणि लगेच ओल्या कापडाने पुसा. सुरकुत्यांत तो राहतो, वर उरत नाही. गाल, नाकाचं टोक, पेरं यांना विटकरी रंगाचा अगदी हलका हात.

आजींच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे. ते काळ्या रंगाने काढू नका. जुनं गोंदण कातडीखाली हिरवट-निळं दिसतं आणि कडा पसरलेल्या असतात. निळ्यात हिरवा आणि थोडा तपकिरी मिसळा, भरपूर पातळ करा, ठिपका द्या आणि बोटाने टिपा. तसे दोन-तीन थर. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, हात स्थिर असताना, सकाळी. दोन्ही बुबुळं एकाच ठिकाणी बघत आहेत का, हे आरशात धरून तपासा. चूक आरशात लगेच दिसते.

वरून पाण्यावर आधारित मॅट वॉर्निश, फक्त बुबुळांवर चकचकीत. नेलपॉलिश किंवा कुठलाही स्प्रे पेंट आधी तुकड्यावर तपासल्याशिवाय नको. नेलपॉलिश तर या क्लेवर कालांतराने चिकट होतंच.

खाली गोणपाटाचा खरा तुकडा चिकटवला. तांब्याच्या तारेची कडी करून, हिरवा रंग देऊन बांगड्या घातल्या. मेथीसाठी हिरव्या क्लेचे केसासारखे धागे काढले, टोकांना बारीक पानं टोचली आणि जुडी दोऱ्याने बांधली.

पुढच्या बुधवारी डब्यात कापूस घालून आकृती घाटावर नेली. आजींनी ती दोन्ही हातांत घेतली, पोक बघितलं, गोंदणावरून बोट फिरवलं. मग जुडीकडे बोट दाखवलं. "मुळं कुठंयत गं? मुळं काढली तर मेथी सुकती." घरी येऊन मी जुडी कापून काढली. पांढऱ्या क्लेत चिमूटभर तपकिरी मिसळून मुळांचे धागे ओढले, नव्या जुडीच्या खाली एका बाजूला झुपका लावला, हाताशी लिक्विड क्लेने जोडली आणि रंगवलेल्या चेहऱ्यावर फॉइलचा तंबू करून पुन्हा 20 मिनिटं भाजली.